घरीच असते

आईचा फोन आला, "आपल्या घराचा नंबर लागला." मला वाटलं, घरकुल. मग वाटलं, ठिबकचं अनुदान. दोन्ही नव्हतं. गावातली काही घरं सरकारने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती, त्यात आमचं एक होतं. हातात टॅब घेतलेला एक पोरगा सोप्यात तासभर बसून गेला होता. घरात कोण कोण आहे आणि कोण काय करतं, एवढंच त्याला हवं होतं. "फायदा काय न्हाई," आई म्हणाली, "चहा पिऊन गेला. चांगल्या घरचा वाटला."

ही गोष्ट २०२५च्या फेब्रुवारीतली. तासगाव तालुक्यात फेब्रुवारी म्हणजे द्राक्षांची गडबड. निम्मं गाव बागेत, उरलेलं बेदाण्याच्या शेडवर. अशा वेळी दारात येऊन "मागच्या सात दिवसांत काम केलं का?" असं विचारणारा माणूस आईला थोडा खुळाच वाटला असणार.

मी पुण्याला असते. पोटासाठी हिशेबाचं काम करते, पण एम.ए. अर्थशास्त्रात केलेलं असल्यामुळे आकड्यांचा जुना नाद आहे. तो पोरगा कोण असणार हे मला लगेच कळलं. देशात किती लोक बेकार आहेत हे सांगणारा सरकारी टक्का ज्या पाहणीतून निघतो, तिचं नाव नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस. २०१७मध्ये ती सुरू झाली. पहिल्या वर्षाचा आकडा ६.१ टक्के निघाला, तो बरेच दिवस बाहेरच आला नाही. त्यावरून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९मध्ये राजीनामे दिले, आणि निवडणूक आटोपल्यावर मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी अहवाल जाहीर झाला. त्यानंतर टक्का उतरत गेला. २०२३-२४चा ३.२ आहे. म्हणजे काम करणाऱ्या आणि काम मागणाऱ्या शंभर माणसांत रिकामी माणसं तीनच.

आमच्या घरातल्या मोठ्या माणसांत रिकामं किती, हे मोजायची संधी आता आयती आली होती. मी आईला म्हटलं, "त्याने काय विचारलं आणि तू काय सांगितलंस, सगळं सांग."

आईने सांगितलेलं असं. आबा, वय ६८, "बाग बघत्यात." दादा, "पिकअप हाय, भाड्यानं जातो, कवा बागंत असतो." धाकटा, वय ३१, "अभ्यास करतोय की." वहिनी, "काय न्हाई, घरीच असती." आणि आई स्वतः? "मी काय करणार आता, मी बी घरीच."

आई घरी असते तेव्हा दोन म्हशींची धार काढते, शेण काढते, डेअरीला दूध घालते, बेदाणा निवडायला शेजारच्या शेडवर जाते. तिच्या लेखी ते काम नव्हे. काम म्हणजे पगार. बाकी सगळं असणं.

या पाहणीत सगळ्यांची उत्तरं बहुतेक एकच माणूस देतो, जो घरी सापडेल तो. बाकीचे कामावर गेलेले असतात, किंवा आमच्या धाकट्यासारखे आतल्या खोलीत दार लावून बसलेले. त्या पोराने टॅबवर काय टाकलं ते कुणाला दिसलं नाही, पण त्याची भाषा मला येते. प्रत्येक माणसाला दोन आकड्यांचा कोड असतो. स्वतःचा धंदा करतो तो ११. घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावतो तो २१. पगारदार ३१. इतरांकडे रोजंदारीवर जाणारा ५१. शाळा-कॉलेजात शिकतो तो ९१. फक्त घरकाम करते ती ९२. आणि काम नाही पण शोधतो आहे, किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तो ८१.

वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतो तो टक्का या ८१चा. बाकी कुठल्याही खान्यात पडलात की तुम्ही बेकार नाही. दादा आणि आबा ११ यात वाद नाही. वहिनी ९२. भानगड धाकट्याची आहे.

धाकट्याने बी.एस्सी. केलं, मग स्पर्धा परीक्षांसाठी सदाशिव पेठेत पाच वर्षं काढली. कॉट बेसिसवर खोली, अभ्यासिकेत महिन्याच्या भाड्याची खुर्ची, मेसचा डबा. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला. मग तलाठी भरतीला बसला. २०२३च्या त्या भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज १० लाखांवर. त्याच्या खोलीतल्या मित्राने पुढच्या वर्षी पोलीस भरती धरली, तिथे १७ हजार जागांना १७ लाखांहून जास्त अर्ज. हे सगळे अर्जदार बेकार नसतात, हे मला कळतं. कुणी खाजगीत नोकरी करत अर्ज भरतो, एकच पोरगा चार ठिकाणी भरतो. तरी ३.२ टक्के आणि ही गर्दी एकाच देशातली आहेत हे पचवायला मला वेळ लागतो.

तर धाकटा आता घरी असतो आणि अभ्यास करतो. शोधतोय म्हणून त्याला ८१ द्यावा. पण वर्षाचा हिशेब लावताना हे सर्वेक्षण दोन प्रश्न विचारतं. वर्षातला जास्त काळ तुम्ही काय केलं, ही मुख्य स्थिती. त्याशिवाय वर्षभरात मिळून ३० दिवस तरी एखादं काम केलं का, ही दुय्यम. धाकटा ऑक्टोबर छाटणीला बागेत होता, डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला होता, माल काढायला होता. ३० दिवस कधीच भरले. दुय्यम रकान्यात २१ पडला की तो रोजगारात जमा. उरलेले अकरा महिने तो आढ्याकडे बघत पडला असला तरी.

हे कुणी लबाडीने केलेलं नाही, हे आधी सांगते. आकडे दाबले, आकडे फुगवले, यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं कधीकधी बरोबरही असतं. पण मला तो टॅबवाला पोरगा प्रामाणिक वाटतो आणि आईही खोटं बोललेली नाही. दोघांनी खरं सांगून-लिहूनही आमच्या घरात बेकार शून्य निघाले, गोची ती आहे.

साप्ताहिक हिशेबाचा नियम तर आणखी सैल. मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं असेल, तर त्या आठवड्यापुरते तुम्ही कामावर. एक तास! आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "एका तासात बोअरचं पाणी बी चढत न्हाई." हा तास आपल्या सरकारने शोधलेला नाही. १९८२मध्ये जगभरच्या श्रम-सांख्यिकीवाल्यांच्या परिषदेत तो ठरला, आणि त्यामागे कारणही आहे. देशाच्या उत्पन्नात प्रत्येक तासाचं उत्पादन धरलं जातं, मग ते करणारं माणूसही कुठेतरी धरलं गेलं पाहिजे. उत्पादन मोजायला हा नियम चोख आहे. पण जिथे लोक आठवड्याला पगार घेतात आणि नोकरी गेली की सरकारी भत्ता मिळतो, अशा देशात तासभर काम करणारे थोडे. आपल्याकडे तासभर काम न करणाराच सापडणं कठीण.

आपल्याकडे बेकार राहायला ऐपत लागते. २०२३-२४च्या आकड्यांत मध्य प्रदेशाचा टक्का १.० आहे, केरळचा ७.२ आणि गोव्याचा ८.५. या हिशेबाने गोव्याच्या पोरांनी कामासाठी मध्य प्रदेशात जायला हवं. प्रत्यक्षात गोव्यातल्या बांधकामांवर राबायला माणसं बाहेरच्या राज्यांतून येतात. गोव्याच्या शिकलेल्या पोराला मनासारखी नोकरी मिळेपर्यंत घर सांभाळून घेतं, तो थांबू शकतो. ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही तो थांबत नाही, नाक्यावर उभा राहतो, मिळेल ते करतो, आणि रोजगारात मोजला जातो.

त्यात आणखी एक गोम आहे, शब्दाची. बेकार म्हणजे मुळात ज्याला कार नाही, काम नाही, तो. पण मराठीत हा शब्द कधीच बिघडला. चहा बेकार, रस्ता बेकार, पिक्चर बेकार. आता कुठली आई आपल्या पोराला सरकारी माणसापुढे बेकार म्हणेल? आमच्याकडे पोरं अभ्यास करतात, शेती बघतात, 'धंद्याचं बघतोय' म्हणतात. लग्नाच्या बायोडाटातही 'घरची बागायत शेती' अशी ओळ असते, तिच्या मागे किती जण बसलेत ते मुलीकडच्यांनी ओळखून घ्यायचं. सरकारला तरी वेगळं उत्तर कुठून मिळणार?

हे सगळं मला पुस्तकातून कळत होतं, डोळ्यांनी दिसलं २०२० साली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळं बंद झालं तेव्हा आमची बाग काढणीला आलेली. व्यापारी आले नाहीत, गाड्या हलेनात. गावातल्या पुष्कळांसारखं आम्हीही माल बेदाण्याकडे वळवला. नेहमीचे मजूर नव्हते, पण माणसं भरपूर होती. पुण्याहून धाकटा आलेला, मुंबईहून चुलत भाऊ आलेला, चाकणच्या कंपनीतून सुटलेला आत्याचा मुलगा आलेला. पाचजणांचं काम नऊजण करत होते. पगार कुणालाच नव्हता, जेवण सगळ्यांना होतं. दुपारी शेडमध्ये रॅकला टेकून पोरं मोबाईलवर बातम्या बघत, कंपन्या कधी उघडणार म्हणून.

जुलै २०१९ ते जून २०२० या वर्षाचा अहवाल आला, तेव्हा मी पहिल्यांदा तोच रकाना उघडला. बेकारी ५.८वरून ४.८ टक्क्यांवर उतरली होती. टाळेबंदीच्या वर्षात! मी दोनदा वर्ष तपासलं. मग शेतीचा रकाना बघितला. शेतीवर काम करणाऱ्यांचं प्रमाण ४२.५वरून ४५.६ झालेलं. ते नऊजण तिथे बसले होते, २१ कोडात. याच सर्वेक्षणातला शहरांचा तिमाही आकडा, एप्रिल ते जून २०२०चा, आठवड्याच्या हिशेबाने जवळपास २१ टक्के होता. कारण शहरात बाग नसते. कंपनी बंद पडली तर तिथे माणूस कामाशिवाय उघडा दिसतो. गावात आला की घराच्या आडोशाला जातो.

बायकांचं गणित याहून गुंतागुंतीचं. २०१७-१८मध्ये १५ वर्षांवरच्या बायकांपैकी कामात किंवा कामाच्या शोधात २३.३ टक्के होत्या, २०२३-२४मध्ये ४१.७. बेकारीचा टक्का उतरला त्याच वर्षांत एवढ्या बायका कामाला लागल्या, असं ऐकायला छान वाटतं. पण काम करणाऱ्या बायकांतला स्वयंरोजगाराचा वाटा ५१.९वरून ६७.४ झाला, तो बघितला की आमची आई दिसते. ती पूर्वीही धार काढत होती, आताही काढते. एखादा पोरगा "घरीच असते" ऐकून ९२ टाकून उठतो, एखादा गोठ्याकडे बघून "दूध कोण घालतं?" असं विचारतो. आईचं आयुष्य काडीचं बदललेलं नसतं. आणि खरोखरच वाढलं असेल, तर मिळकत पुरेना म्हणून वाढलं असेल, तेही आकड्यावरून समजत नाही.

यात मी स्वतःही येते. मुलगी झाल्यावर मी दोन वर्षं घरी होते. सहा महिन्यांनंतर कामावर जायची माझी इच्छा होती, पण मुलीला बघायला कुणी नव्हतं, म्हणून मी नोकरी शोधलीच नाही. शोधली नाही आणि मिळाली असती तरी जाता आलं नसतं, म्हणून ८१ नाही. त्या काळात कुणी दारात आलं असतं तर नवऱ्याने काय उत्तर दिलं असतं, ते मला माहीत आहे. आईचेच दोन शब्द, जरा शुद्ध मराठीत.

मग खरी बेकारी मोजायची कशी? हा प्रश्न जुना आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीला सरकारने मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९७०मध्ये सांगितलं की आपल्यासारख्या देशात बेकारी एकाच आकड्यात मांडण्याचा नाद सोडा. त्यानंतरची मोठी पाहणी ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३ या काळात झाली, आणि तिच्यात एकाच माणसाला तीन मापांनी मोजलं. वर्षाच्या मापाने ग्रामीण पुरुषांत बेकारी १.२ टक्के. अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा हिशेब लावणाऱ्या दैनिक मापाने ६.८. ग्रामीण बायकांत वर्षाच्या मापाने ०.५, दैनिक मापाने ११.२. हे वाचलं तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली. ०.५ आणि ११.२, त्याच बायका, तेच वर्ष.

ते वर्ष आमच्याकडे 'बाहत्तरचा दुष्काळ' म्हणून ओळखतात. आज्जी त्या वेळी खडी फोडायला होती. सुकडी मिळायची, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खायला लागायच्या, असं ती सांगायची. रोजगार हमीची पहिली चाचणी आमच्याच तालुक्यात झाली होती, १९६५मध्ये. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ती कल्पना. मागेल त्याला काम द्यायचं, तो बेकार आहे की नाही हे विचारत बसायचं नाही. दुष्काळाच्या भरात, १९७३च्या मे महिन्यात, राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. कामाचं ठिकाण उघडलं आणि माणसं आली. त्यात बायका किती असायच्या हे आज्जीला विचारायला हवं होतं. ती म्हणायची, "आमच्या घरात रिकामं कोण बी न्हवतं, पर खडीवर समदी गेलो." मला हजेरीपटाइतकी चांगली बेकारीची पाहणी दुसरी माहीत नाही. दुपारच्या उन्हात दगड फोडायला कुणी हौसेने जात नाही.

आता दैनिक माप मागे पडलं आहे, आणि २०२५पासून दर महिन्याला साप्ताहिक मापाचा आकडा येतो. एप्रिलचा ५.१ टक्के, मेचा ५.६. त्यासाठी निवडलेल्या घरी लागोपाठ चार महिने माणूस येतो. म्हणून तो पोरगा मार्चमध्ये परत आला, एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी आला. आईला आता त्याचा लळा लागला होता. तिने त्याला किलोभर बेदाणे बांधून दिले, ते त्याने घेतले नाहीत, याचं तिला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या खेपेनंतर आईने फोनवर एक गोष्ट कबूल केली. वहिनी विरळणीच्या टोळीबरोबर गेली होती तेव्हाचे पंधरा-वीस दिवस तिने मुद्दाम सांगितले नव्हते. कमाई दिसली आणि लाडक्या बहिणीचे दीड हजार थांबले तर? त्या पोराच्या टॅबचा आणि त्या योजनेचा काही संबंध नाही, असं मी समजावलं. "असं तू म्हणतीस," आई म्हणाली. म्हणजे या टक्क्यात बेकारच लपतात असं नाही, कामकरीही लपतात. वहिनीचं काम दिसलं नाही आणि बेकारीही नाही.

वहिनीने डी.एड. केलेलं आहे. ती कॉलेजात गेली तेव्हा डी.एड. म्हणजे नोकरी ठरलेली, असं लोक मानत. मग शिक्षकभरती कित्येक वर्षं गोठली, मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, भरतीचं पवित्र पोर्टल आलं. ती टीईटी पास झाली. दादाशी लग्न ठरलं तेव्हा बैठकीत तिच्या वडिलांनी "नोकरी लागली तर करू द्या" अशी अट घातली होती आणि आबांनी लगेच मान्य केली होती. ती अट मोडायची वेळ आजवर कुणावर आलेली नाही.

चौथ्या खेपेला, मेमध्ये, पोरगा आला तेव्हा आई एका लग्नाला कवठेमहांकाळला गेलेली. त्या मेमध्ये वळवाऐवजी पावसाळाच लागला होता. आबा आणि धाकटा पंप घेऊन फवारणीला, दादा गाडीवर. वहिनी एकटी घरी. तिने त्याला खुर्ची दिली, चहा टाकला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतःबद्दल स्वतः बोलली. संध्याकाळी तिने मला फोन केला.

"मी सगळं सांगितलं, ताई. डी.एड. झालंय, टीईटी झालीय, टेटचा, भरतीच्या परीक्षेचा, फॉर्म भरलाय. नोकरी पाहिजे म्हटलं. आज मिळाली तरी आज जाते म्हटलं."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, मागच्या सात दिवसांत पैसे मिळतील असं काही केलंत का, तासभर तरी. मी आठवलं. मंगळवारी शेजारच्या काकूंचा ब्लाऊज शिवायला घेतला होता. साधाच, अस्तर नसलेला. शंभर रुपये ठरलेत. ते पण सांगितलं, खोटं कशाला बोलायचं."

"त्याने काय लिहिलं?"

"काम केलं, असं लिहिलं म्हणे. किती तास, ते लिहिलं. जादा काम मिळालं तर कराल का, हे पण विचारलं. हो म्हटलं, तेही लिहिलं. पण ते बेकारीच्या टक्क्यात धरत नाहीत ना?"

"नाही धरत."

ती थोडा वेळ गप्प होती. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"मग मी तो ब्लाऊज पुढच्या आठवड्यात शिवायला घेतला असता तर?"

"तर तू बेकार असतीस."

ती हसली. "त्याला हुक लावायचे राहिलेत अजून," म्हणाली, आणि लाईट जायच्या आत लावते म्हणून फोन ठेवला.